कराडचा सांधा

॥ श्री ॥

यादोगोपाळ पेठ, सातारा
चैत्र शुद्ध पक्ष, शके १९१६
रविवार, २४ एप्रिल १९९४

श्री. लालासाहेब सूर्यवंशी, मु. पो. पलूस, यांस
यज्ञेश्वर त्र्यंबक पुराणिक याचे सविनय नमस्कार.

ज्याच्या कृपेवाचून हात लेखणीपर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी अक्षर उमटत नाही, त्या विश्वंभराला प्रथम वंदन करून हे पत्र लिहीत आहे. आपण, सौ. मनुबाई व घरची सर्व मंडळी कुशल असावीत अशी प्रार्थना. येथे मी व माझी सून चि. सई ईश्वरेच्छेने बरे आहोत. उन्हाळा कडक आहे. अजिंक्यताऱ्यावरचे गवत वाळून पिवळे पडले आहे.

माझे अक्षर पाहून आपणांस आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल. पत्र न वाचता फाडलेत तरी माझी तक्रार नाही. तथापि वाचावे अशी विनंती आहे, कारण विषय माझ्या मुलाच्या, शौनकच्या रेल्वेचा आहे.

जुन्या छोट्या रुळांवरून सातारा–सांगली धावणारी गाडी आपण व शौनक, दोघांनीही लहानपणी पाहिली होती. ती एक इंच रुंदीच्या रुळांवर पुन्हा उभी करायची, असा संकल्प आपण दोघांनी सहा वर्षांपूर्वी केलात. सातारा रोड ते कराड हा अर्धा भाग शौनकने आमच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बांधायचा, कराड ते सांगली हा आपण पलूसच्या शेडमध्ये, आणि दोन्ही पुरे झाले की कराडच्या फलाटात ते जोडायचे. दर रविवारी काय काम झाले ते आपण कार्डावर कळवायचे आणि त्याने उलट कळवायचे. त्या कार्डांचा जुडगा मला सापडला. परवानगीवाचून वाचला, क्षमा असावी. वाचून झाल्यावर वाटले की माझ्याकडूनही एक रविवारचा वृत्तांत आपल्याकडे जावा.

झाले असे. फाल्गुनात सई म्हणाली, "नाना, माडीवरच्या त्या फळ्या कोणी काढून नेल्या तर बरं. मला वर जाववत नाही आणि खोली नुसती बंदही ठेववत नाही." म्हणून मी वर गेलो. सहा वर्षांत त्या खोलीचा उंबरा मी ओलांडला नव्हता, हे आपण जाणता. फळ्या मोजायला गेलो आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत खाली उतरलो नाही. कोरेगावच्या फलाटावर बोटाच्या पेराएवढा एक म्हातारा बसवलेला आहे. खांद्यावर उपरणे, मांडीवर पोथी, आणि पाठ रुळांकडे. सईला हाक मारून विचारले, हा कोण? ती जिन्यातूनच म्हणाली, "ते तुम्ही. नाना गाडीकडे बघत नाहीत म्हणून पाठमोरे बसवले, असं ते म्हणायचे."

तेव्हापासून दर रविवारी पूजा आटोपली की मी वर जातो. शौनकची वही उघडून तो जसे लिहून गेला तसे करतो. मसूरच्या पुढचे रूळ राहिले होते. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांसाठी तो कुल्फीच्या काड्या वापरी, म्हणून राजवाड्यापाशी गाडी लावणाऱ्या केरबाकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, येवढ्या काड्या कशाला? कुल्फी तर एकबी खात न्हाई तुमी!" त्याने पिशवीभर काड्या दिल्या, सईने त्या तीन पाण्यांतून काढल्या. रहिमतपूरच्या बाजूची झाडे मी तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्यांची केली. आधी मन कचरले. मग विचार केला, अंगणात गळून पडण्यापेक्षा त्याच्या रहिमतपुरात उभ्या राहिल्या तर तुळशीला वाईट वाटायचे नाही.

आता इंजिनाविषयी. कार्तिकात, शौनक गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, आपण आमच्या दारात आला असता माझ्या तोंडून जे शब्द गेले, त्यांविषयी आज लिहीत नाही. परतताना आपण पायरीवरून एवढेच म्हणालात, "गुरुजी, त्येवढं इंजिन जपून ठेवा. दोघांचा हात लागलाय त्याला." ते इंजिन माझ्यापाशी नाही. अकराव्या दिवशी शय्यादानात, त्याच्या अंथरूण-पांघरुणाबरोबर, ते ब्राह्मणास दिले. मृताला प्रिय असलेल्या वस्तू त्या दिवशी द्याव्यात, म्हणजे पुढच्या वाटेवर त्या त्याला लाभतात, असे शास्त्र आहे. आणि दिलेली वस्तू परत मागणे हा दत्तापहार, थोर दोष. तेव्हा त्या बाबतीत माझा इलाज नाही.

आपल्याकडे आलेले पत्र ओसरीवर मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे, असे शौनक सांगे. म्हणून शब्द जपून वापरले आहेत.

उत्तराची अपेक्षा धरत नाही. आमचा पोस्टमन साडेबाराला येतो, एवढे फक्त कळवून ठेवतो.

आपला,
यज्ञेश्वर पुराणिक



॥ श्री ॥

सातारा
वैशाख वद्य पक्ष, शके १९१६
रविवार, ५ जून १९९४

श्री. लालासाहेब यांस सविनय नमस्कार.

देवाच्या दयेने येथे क्षेम आहे. आपले उत्तर नाही. ते नसावे हेच योग्य आहे.

या सहा रविवारांचा वृत्तांत लाजिरवाणा आहे. तारगाव ते मसूर हा टप्पा मी पुरा केला होता. पितळी पट्ट्या एकमेकींना भिडवून, प्रत्येक सांध्यावर डाग देऊन, नख अडकू नये इतका तो एकसंध केला होता. लहानपणी मला पठण शिकवले गेले ते असेच, अक्षराला अक्षर लागून, मध्ये श्वास तुटता कामा नये. सईला बोलावून दाखवले. "छान झालंय," म्हणाली, आणि त्या रुळांवरून तिने बोट फिरवले.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी पत्रा तापला. मी वर जाऊन पाहतो तो तारगावापाशी रूळ स्लीपरांतून उखडून, कमान करून, वर उभा राहिलेला. सई मागून आली. ते पाहून पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाना, तारगावला पंचमी लवकर आली. शिराळ्याहून बोलावलात का नाग?" नोव्हेंबरानंतर ती या घरात प्रथमच हसली. रूळ मोडल्याचे दुःख त्यामुळे मला पुरते करता आले नाही. पुन्हा बसवला, पुन्हा उखडला. शौनकच्या वहीत याविषयी काही नाही. जे हाताला ठाऊक असते ते माणूस वहीत लिहीत नाही. फौजेच्या कारखान्यात वीस वर्षे लेथ चालवलेल्या आपल्या हाताला याचे कारण ठाऊक असणार. विचारण्याचा अधिकार मला नाही. तरी विचारतो.

दुसरी गोष्ट लिहायला मला आठ दिवस लागले.

सई गेल्या आठवड्यात माहेरी जाताना कराडच्या एस.टी. स्थानकावर सौ. मनुबाईंना भेटली. त्या जे बोलल्या ते तिने मला जसेच्या तसे सांगितले. "आवं सईताई, ह्यांनी शेडला कुलूप घातलंया. झाडायला जाते म्हनलं तरी वराडत्यात. 'शनवारी मुक्कामालाच या, आसं म्याच बोलीवलं त्येला, म्हनून गेला त्यो,' येवढंच बोलत्यात. म्यां म्हनलं, आवं रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली हुबी हुती, त्यात तुमचं काय? तर म्हनत्यात, गुरुजी खोटं बोलायचं न्हाईत."

मी जेवायला बसलो होतो. ताट तसेच राहिले.

दारात मी म्हणालो होतो, "तुमच्या या खेळण्याने माझा मुलगा नेला. तुम्ही बोलावलं नसतं तर तो आज असता." पंधरा-वीस माणसांसमक्ष म्हणालो. आपण टोपी हातात घेऊन उभे होता. उलट एक शब्द बोलला नाहीत.

गेल्या पत्रात मी दानाविषयी शास्त्र लिहिले. शास्त्र खरे आहे. ते पुढे करणारा मी खरा नव्हतो. पोलिसांनी त्याची पिशवी आणून दिली तेव्हा इंजिन तिच्यात होते, त्याच्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेले. पुढच्या दांडीला थोडा बाक आला होता, एवढेच. माणूस गेला आणि ते शाबूत राहिले, हे मला पाहवले नाही. अकराव्या दिवशी ते मी शय्येवर ठेवले नाही, टाकले. मनात आले, हे या घरातून जावे आणि पलूसच्या हातीही लागू नये. आदरावाचून, देशकाळ न पाहता, रागाने दिलेल्या दानाला शास्त्रकारांनी सर्वांत खालची पायरी दिली आहे. पन्नास वर्षे हे मी इतरांना शिकवत आलो.

हेही पूर्ण नाही. पण आज एवढेच लिहवते.

आपला,
यज्ञेश्वर पुराणिक



॥ श्री ॥

सातारा
आषाढ अमावास्या, शके १९१६
रविवार, ७ ऑगस्ट १९९४

श्री. लालासाहेब यांस सप्रेम नमस्कार.

आज दीपपूजन. घरातले सारे दिवे, समया, निरांजने, शौनकची विजेरीसुद्धा, सईने घासून पाटावर मांडली आहेत. त्या ज्योतींना नमस्कार करून वर आलो आणि लिहायला बसलो.

आपले कार्ड आषाढी दशमीला पोहोचले. "गुरुजी, सांध्याला ह्या कार्डायवडी फट सोडा. रूळ तापला की वाढतो. त्याला जागा पायजे. लालासाहेब." त्या तीन ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. त्याच कार्डाचा कोरा कोपरा कापला, दोन पट्ट्यांमध्ये धरला, स्लीपरवर पट्ट्या पक्क्या केल्या आणि कोपरा काढून घेतला. तारगाव ते मसूर एकोणीस सांधे झाले. पावसाळा असूनही मधे दोन दिवस ऊन कडकडीत पडले. रूळ जागच्या जागी राहिले.

त्यानंतर मी वाईला गेलो.

शय्यादान घेतलेले दिगंबरभट वाईला नदीपलीकडच्या आळीत राहतात. आता ते अंथरुणाला खिळले आहेत. दार त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी उघडले. ओसरीवर पळसाच्या पत्रावळींची चवड होती, आणि तिच्यावर वजन म्हणून आपले इंजिन. चाके फिरून ते घसरू नये म्हणून सुतळीने आडवे बांधले होते. सात महिने त्याने एका ब्राह्मणाच्या पत्रावळी सपाट केल्या. मला ते पाहून वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. रोज कोणाच्या तरी हाताने ते उचलले जात होते.

दिगंबरभट आतून म्हणाले, "या गुरुजी! तुमचं दान बघा कसं वापरात आहे. यजमानानं दिलेली वस्तू कोनाड्यात ठेवली तर पुण्य पोचायचं कसं?"

मी परत मागू शकत नव्हतो. ती वस्तू माझी राहिली नव्हती. घरून निघताना ठरवले होते तेच केले. पायऱ्या उतरून पुन्हा अंगणात आलो, उपरणे दोन्ही हातांवर पसरले, आणि मुंज झाल्या दिवशी आईपुढे उभा राहिलो होतो तसा उभा राहून मोठ्याने भिक्षा मागितली. एकाहत्तराव्या वर्षी. त्रेसष्ट वर्षांत मी कोणापुढे हात पसरला नव्हता.

शकुंतलाबाई घाबरल्या. "अहो, हे काय करता? वर या आधी. तुम्ही मागायचं का आमच्याकडे?"

"आज मी मागणारा आहे," मी म्हणालो. "नाही म्हणालात तर मुकाट्याने जाईन."

"पण मागता काय?"

"ते इंजिन."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "भिक्षेत शिधा घालतात हो गुरुजी. इंजिन घातलेलं मी तरी ऐकलं नाही."

आतून दिगंबरभट ओरडले, "अगं, दे त्यांना! दारी आलेल्याला काय हवं ते विचारायचं असतं, का हवं ते नाही. पत्रावळींवर वरवंटा ठेव."

त्यांनी सुतळी सोडली. इंजिन पदराने पुसले. मग म्हणाल्या, "धान्यावाचून भिक्षा घालू नये," आणि आत जाऊन मूठभर तांदूळ आणले. माझ्या उपरण्यात आधी इंजिन ठेवले आणि त्यावर तांदूळ घातले. काही दाणे मागच्या कोळशाच्या डब्यात पडले आहेत. ते मी काढलेले नाहीत.

एस.टी.त ते मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारले, "नातवाला का आजोबा?" मी होय म्हणालो. खोटे बोललो, शौनकला मूल नव्हते.

इंजिन आता घरी आहे. ते आपले आहे. कोणत्या दिवशी पाठवू ते कळवावे. माझ्या हातून अजून एक गोष्ट व्हायची आहे, ती झाल्यावाचून पाठवू नये असे मन सांगते. पण आपण मागितल्यास थांबणार नाही.

आपला,
यज्ञेश्वर



॥ श्री ॥

सातारा
कार्तिक शुद्ध त्रयोदशी, शके १९१६
बुधवार, १६ नोव्हेंबर १९९४

चि. लालासाहेब यास अनेक आशीर्वाद.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मी चिरंजीव लिहीत आहे. या शब्दाने पत्राची सुरुवात करण्याजोगे मला आता दुसरे कोणी नाही. पत्र वाचून झाल्यावर हा शब्द नकोसा वाटला तर खोडून टाका.

आज शौनकचे वर्षश्राद्ध झाले. जेवून उठलेल्या ब्राह्मणांनी आशीर्वाद दिला. सई दोन दिवस रजेवर आहे. उद्या पहाटेच्या गाडीने ती पलूसला निघेल. तिच्याबरोबर हे पत्र आणि इंजिन पाठवीत आहे.

दसऱ्याला आलेले तुमचे दुसरे कार्ड समोर आहे. "इंजिन घावलं ह्ये आयकून बरं वाटलं. तुमीच ठेवा गुरुजी. मला त्याला हात लावू वाटत न्हाई. माजा हात चांगला न्हाई." तीन महिने इंजिन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे आणि मी ते एकदाही रुळावर ठेवलेले नाही. तुमचा हात चांगला आहे, लालासाहेब. ऐका.

मागच्या वर्षी याच तिथीला शनिप्रदोष होता. बँकेला शनिवारी अर्धा दिवस. शौनक तीनच्या आत घरी आला. इंजिन रंगवून तयार होते. साडीत गुंडाळून त्याने पिशवीत घातले. प्रदोषाला आमच्याकडे अभिषेक असतो. रुद्राचे एक आवर्तन, वीस मिनिटांचे. त्याने स्नान केले, सोवळे नेसला आणि माझ्याशेजारी बसताना म्हणाला, "नाना, आज लगेच सुरुवात करू या का? म्हणजे उजेडात कराड ओलांडीन."

मी पळीभर पाणी हातावर घेतले.

सहा वर्षे त्याचा प्रत्येक रविवार एक तर माडीवर गेला होता नाही तर पलूसला. जेवायला बसला की तुमचे बोलणे सांगे. लालासाहेब असे म्हणाले, लालासाहेबांनी चाके अशी बसवली. मी त्याला सहाव्या वर्षापासून शिकवले होते. माझ्याजवळ बसून त्याने पाठांतराव्यतिरिक्त काही केल्याचे मला आठवत नाही. मला त्याचा एक रविवार हवा होता. तो मागायचे सोडून मी घेण्याचे ठरवले.

संकल्प सोडताना मी एक आवर्तन म्हणायच्या जागी अकरा म्हणालो.

संकल्पात उच्चारलेली संख्या कमी करता येत नाही, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. त्याला ठाऊक होते. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. त्याला सारे कळले होते आणि मला ते कळल्याचे दिसले. त्याने अभिषेकपात्रात पाणी भरले आणि धार धरली. चौथ्या आवर्तनाला सई दारात आली, "नाना, अजून किती?" मी म्हणणे न थांबवता बोटे दाखवली. पुढे मी गती आणखी मंद केली. एरवी मी इतके संथ म्हणत नाही. अंगणातले ऊन गेले, सईने तुळशीपाशी दिवा लावला, तरी त्याच्या हातातली धार एकदाही तुटली नाही. मला वाटत होते, आता अंधार झाला, आता हा जाणार नाही. उद्या रविवारी घरी असेल. सकाळी मी त्याला काहीतरी बोलेन. काय बोलणार होतो तेही ठरवले नव्हते.

आरती होऊन तो उठला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. प्रसाद तोंडात टाकला, मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "येतो नाना. लालासाहेब वाट बघत असतील. तुमचा आवाज आज छान लागला होता."

मलकापूरच्या अलीकडे उसाची ट्रॉली दिव्यावाचून उभी होती, तिच्यावर तो अंधारात आदळला. तो चारला निघाला असता तर ती त्याला दुरून दिसली असती.

देवाचे नाव मी उंबऱ्यावर आडवे घातले, आणि तिसऱ्या दिवशी तेच पाप उचलून तुमच्या डोक्यावर ठेवले. तुम्ही ते वर्षभर वाहिलेत, कारण गुरुजी खोटे बोलणार नाहीत असे तुम्ही मानलेत. गुरुजी खोटे बोलले. तुम्ही त्याला मुक्कामाला बोलावलेत, यात प्रेमापलीकडे काही नव्हते. त्याला उशीर करणारा मी.

हे मी काल सईला सांगितले. आज जे बोलायचे ते आधी तिच्यापुढे बोलणे उचित होते. तिने देव्हाऱ्यातल्या समईची वात सारली. मग म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं, नाना. मी दारात उभी होते." एवढे वर्ष तिने मला वाढले, माझी औषधे आणली, काड्या धुतल्या. मी विचारले, का बोलली नाहीस? म्हणाली, "तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. आधी मी बोलले असते, तर तुम्हाला बोलायला काही उरलं नसतं." हे ऐकून मी काय करावे, ते मी वाचलेल्या कोणत्याही पोथीत नाही.

हे पत्र तुमच्या ओसरीवर मोठ्याने वाचा. मनुबाई असू द्या, शेजारपाजारचे असू द्या. दारातले शब्द मी चारचौघांत बोललो. ते परत घेतो तेही चारचौघांतच घेतले पाहिजेत. मला क्षमा करा असे लिहीत नाही. वाईला भिक्षा मागितली ती वस्तूची होती; ही भिक्षा मागण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही.

एकच मागतो. शेडची किल्ली मनुबाईंना विहिरीत टाकल्याचे सांगितले असेल, पण फौजी माणूस किल्ली टाकत नाही. शेड उघडा. इंजिन आधी तुमच्या रुळांवर चालवा, कराडपासून सांगलीपर्यंत. त्या रविवारी हेच व्हायचे होते. पुढच्या दांडीचा बाक काढावा की ठेवावा, हे तुम्ही ठरवा. डब्यातले तांदूळ मात्र राहू द्या. ते एका गृहिणीने घातले आहेत.

माझा अर्धा भाग कराडपर्यंत पुरा झाला आहे. शेवटची पट्टी फळीच्या कडेला आणून सोडली आहे आणि तिच्यापुढे तुमच्या कार्डाचा उरलेला तुकडा उभा लावून ठेवला आहे. त्यापलीकडे तुमचा रूळ येईल तेव्हा येईल. नाही आला, तर त्याचे कारण या घरात सर्वांना ठाऊक आहे. मी ते दुसऱ्या कोणाला सांगणार नाही असे नाही; विचारील त्याला सांगेन.

आणि एक. कोरेगावच्या फलाटावरचा तो म्हातारा मी आज सकाळी, श्राद्धाला बसण्यापूर्वी, तिथून उचलला. सरस लागून घट्ट बसला होता. काढताना पोथीचा एक कोपरा मोडला. त्याला कराडच्या फलाटाच्या टोकाला बसवले आहे. तोंड दक्षिणेकडे. दक्षिण ही पितरांची दिशा. मुलगा पितरांत गेला, बाप बसला आहे. पलूसही त्याच दिशेला आहे.

तुमचा,
नाना

हे पत्र जे वाचतील आणि वाचलेले ऐकतील, त्या सर्वांच्या घरून निघालेले माणूस उजेडात मुक्कामी पोहोचो. त्याच्या वाटेवर दिवा असो. उंबऱ्यावर त्याला अडवणारे कोणी नसो. आणि ज्याने अडवले, त्यालाही ते कबूल करण्याइतके आयुष्य ईश्वर देवो.

॥ शुभं भवतु ॥